आयोडीन कमी पडणं वेगळं, आयोडीन अडणं वेगळं

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या माझ्या मामींचा टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला जास्त काम करायला सांगणारं हार्मोन; ग्रंथी मंदावली की हे चढतं) 11 आला, म्हणजे वाढलेला, तेव्हा त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माले थायरॉइड व्हई गयं." पुढचा प्रश्न मिठाचा. आयोडीनचं मीठ घरात वर्षानुवर्षं आहे, मग हे झालंच कसं?

या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. एक म्हणजे आयोडीन पोटातच कमी जाणं. दुसरी म्हणजे पोटात गेलेलं आयोडीन ग्रंथीपर्यंत न पोचणं, किंवा पोचूनही त्याचं हार्मोन न बनणं. दोन्हींत टी4, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, घटतो, टीएसएच चढतो, गळा फुगू शकतो. रिपोर्टच्या कागदावर फरक दिसत नाही.

जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. ज्या वर्षी कापूसच पिकत नाही, त्या वर्षी जिन बंद राहते. हा आयोडीनचा तुटवडा. मोठ्या माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250. तेवढं मिळावं म्हणून देशात 1962 साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज घरी पोचणाऱ्या मिठात किमान 15 पीपीएम (किलोमागे 15 मिलिग्रॅम) आयोडीन असावं असा दंडक आहे. हा तुटवडा संपला असं मात्र मी म्हणणार नाही. हल्ली घरोघरी सैंधव आलंय आणि त्यात आयोडीन नसल्यासारखंच असतं.

आता दुसरं वर्ष घ्या. कापूस भरपूर पिकलाय, गाड्याही निघाल्यात, पण जिनच्या फाटकात भलत्याच मालाच्या गाड्या घुसल्यात. थायरॉइडच्या पेशीवर आयोडाइड, म्हणजे रक्तातलं आयोडीनचं रूप, आत ओढणारं एक प्रथिन असतं, तेच हे फाटक. नायट्रेट, थायोसायनेट आणि परक्लोरेट हे तिघं त्यात आयोडाइडची जागा अडवतात. परक्लोरेट सगळ्यांत दांडगं. रेणूला रेणू धरला तर नायट्रेटच्या साधारण 240 पट जोर त्याचा. म्हणूनच पूर्वी थायरॉइडचं काम फार वाढलेल्या रोग्यांना ते औषध म्हणून देत. थायोसायनेट विडी-सिगारेटच्या धुरातून अंगात तयार होतं. नायट्रेट दुबळं खरं, पण आपल्या भागात तेच पाण्यात जास्त सापडतं.

केळीला ड्रिपमधून युरिया जातो. झाडानं न उचललेल्या नत्राचं मातीत नायट्रेट होतं आणि ते पाण्याबरोबर खाली झिरपतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत जळगाव जिल्ह्याचं नाव नायट्रेटसाठी येतं. पिण्याच्या पाण्यात 45 मिलिग्रॅम प्रति लिटर ही आपल्याकडची मर्यादा. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. आरओनं बरंच कमी होतं.

अडण्याचा दुसरा प्रकार मला जास्त सलतो. फाटक मोकळं आहे, कापूस आत आलाय, पण मशीनच बंद. केळीवरच्या करप्यासाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारतात. ड्रममध्ये ती पिवळट भुकटी कालवताना मामांच्या कोपरापर्यंत पिवळा थर बसलेला मी पाहिलाय, आणि तोच सदरा संध्याकाळी मामी हातानं धूत. मॅन्कोझेब मोडलं की इथिलीन थायोयुरिया तयार होतं, आणि आयोडीनचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला तेच रोखतं. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकरी कुटुंबांच्या 2010 साली छापलेल्या अभ्यासात मॅनेब (त्याच जातीचं बुरशीनाशक) किंवा मॅन्कोझेब हाताळलेल्या बायकांमध्ये हायपोथायरॉइड, म्हणजे मंदावलेला थायरॉइड, जास्त आढळला. युरोपीय महासंघानं 2020 च्या डिसेंबरात मॅन्कोझेबची मंजुरी पुढे चालू ठेवायचं नाकारलं. आपल्याकडे ते अजून चालतं.

म्हणून मीठ सोडायचं का? अजिबात नाही. आयोडीन पुरेसं असलं की नायट्रेटचा जोर कमी चालतो, आधीच कमी असलं तर त्याची अडवणूक जास्त लागते. हे दोन्ही दोष एकाच घरात असले की एकमेकांना बळ देतात. पण उलट टोकाला जाऊन आयोडीनच्या गोळ्याही मनानं घेऊ नयेत, जास्तीचं आयोडीनही थायरॉइड बिघडवतं.

मामींची अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी झाली, ती चांगलीच वाढलेली निघाली. म्हणजे शरीरच ग्रंथीवर उलटलेलं. डॉक्टरांच्या मते मूळ कारण हेच, पाण्यावर किंवा फवारणीवर बोट ठेवता येणार नाही. सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली, चहा तासाभरानं.

बोअरचं पाणी आम्ही तरीही तपासायला दिलं, ते वहिनीसाठी. तिला तिसरा महिना आहे. पहिले तीन महिने पोटातल्या बाळाला मेंदू घडवण्यासाठी आईच्याच हार्मोनवर भागवावं लागतं. नायट्रेट मर्यादेच्या वर आलं. आता तिच्यासाठी आरओचा जार येतो, सैंधवाच्या बरणीत पुन्हा आयोडीनचं मीठ भरलंय, आणि मामा फवारणीचे कपडे विहिरीवरच धुऊन येतात.