अभिप्रायाने काम नेहमी सुधारते का?

कामाबद्दल अभिप्राय मिळाला की काम सुधारते, हे आपण इतके गृहीत धरतो की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी ते तपासले. १९९६ साली त्यांनी आधीच्या संशोधनांतील ६०७ निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा अभिप्रायाने सरासरी सुधारणा होते हे खरे ठरले. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी चक्क घसरली होती.

याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला फार मोलाचे वाटते. अभिप्रायामुळे लक्ष कामाकडे वळले तर फायदा होतो आणि ते ‘माझ्याबद्दल लोकांना काय वाटते’ याकडे वळले तर तोटा. म्हणूनच निव्वळ कौतुकानेही परिणाम सौम्य होतो. ‘तू हुशार आहेस’ हे ऐकून मुलाला बरे वाटते, पण ‘तिसऱ्या पायरीत हातचा घ्यायचा राहिला’ हे कळले तर पुढचे गणित सुटते. आधीच्या कामगिरीपेक्षा किती प्रगती झाली हे सांगणेही उपयोगी ठरते.

स्वतःच स्वतःच्या कामाकडे पाहताना अडचण वेगळी असते. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो पूर्ण व्हायला सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. सगळेच बिनसले तर किती दिवस लागतील, याचा त्यांचा अंदाजसुद्धा ४९ दिवसांच्या आतच होता. अंदाज बांधताना माणूस पुढच्या कामाचे चित्र रंगवतो, पण मागची तशीच कामे किती लांबली होती याचा त्याच्याशी संबंध जोडत नाही. पुढच्या एका प्रयोगात तो संबंध मुद्दाम जोडायला लावल्यावर हा भाबडा आशावाद ओसरला.

त्यामुळे आत्मपरीक्षण मनातल्या मनात करण्यापेक्षा वहीत करणे श्रेयस्कर. प्रत्येक कामापुढे अंदाजे वेळ, लागलेला वेळ आणि काम नेमके कुठे अडले, एवढी नोंद पुरते. अंदाज मात्र काम सुरू करण्यापूर्वीच लिहावा. कारण बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली दाखवल्याप्रमाणे, निकाल कळल्यानंतर तो आपल्याला आधीपासूनच अपेक्षित होता असे माणसाला अगदी प्रामाणिकपणे वाटू लागते.