पल्प पेपरबॅक : संग्रह व मुखपृष्ठचित्रे

पल्प पेपरबॅक-संग्रह : विसाव्या शतकाच्या मध्यात, ढोबळमानाने १९३९ पासून १९६०च्या दशकापर्यंत, अमेरिकेत निघालेल्या स्वस्त, कागदी वेष्टनाच्या, खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या जमवण्याचा आणि त्यांच्या मुखपृष्ठचित्रांचा मागोवा घेण्याचा छंद. रहस्यकथा, गुन्हेकथा, विज्ञानकथा, वेस्टर्न (काउबॉयकथा) व प्रणयकथा हे यातले प्रमुख प्रकार. संग्राहक कथेसाठी पुस्तक घेतो तसा चित्रासाठीही घेतो. किंबहुना चित्रासाठीच अधिक.

‘पल्प’ ही संज्ञा येथे सैलपणे वापरली जाते. मुळात ती लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरखरीत कागदावरच्या कथामासिकांची. आर्गसी हे मासिक १८९६ मध्ये अशा कागदावर केवळ कथा छापू लागले, तिथपासून ही परंपरा मोजतात. काटेकोर अभ्यासक पेपरबॅकला पल्प म्हणायला तयार नसतात, कारण मासिक आणि पुस्तक यांचा आकार वेगळा, आयुष्य वेगळे. तरीही संग्राहकांची सैल संज्ञाच इतिहासाला जास्त धरून आहे असे दिसते. ‘पॉप्युलर लायब्ररी’ ही पेपरबॅकमाला १९४०च्या दशकाच्या प्रारंभी सुरू करणारे नेड पाइन्स हे पल्प मासिकांचेच प्रकाशक होते. त्यांच्या मासिकांसाठी रंगवणारे रूडॉल्फ बेलार्स्की आणि अर्ल बर्गी पुढे त्याच घरच्या पुस्तकांची मुखपृष्ठे रंगवू लागले. कुंचला तोच राहिला, फक्त फलक लहान झाला.

पहिले पेपरबॅक कोणते, हा वाद जुना आहे. कागदी वेष्टनातली पुस्तके जर्मनीत टाउख्निट्झ हे प्रकाशक १८४१ पासून काढत होते. १९३२ साली अल्बाट्रॉस मालेने रंगांवरून विषय ओळखण्याची सोय केली आणि १९३५ मध्ये इंग्लंडात पेंग्विनने ती उचलली. अमेरिकेपुरते बोलायचे तर जून १९३९ मध्ये रॉबर्ट डी ग्राफ यांनी ‘पॉकेट बुक्स’ची पहिली दहा पुस्तके पंचवीस सेंटला बाजारात आणली, हीच तारीख बहुतेक संदर्भग्रंथ धरतात. मात्र आदल्या वर्षी पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ची चाचणी-आवृत्ती थोड्या प्रतींत निघाली होती. तिला प्रारंभबिंदू मानावे की तालीम, यावर एकमत नाही. ती विक्रीसाठीच्या मालेचा भाग नसल्याने तिला तालीम म्हणणे सयुक्तिक वाटते. संग्राहकांच्या लेखी मात्र ती दुर्मीळ प्रतींच्या अग्रभागी आहे. १९४०च्या सुमारास लॉस अँजेलिसमध्ये नाणे टाकून यंत्रातून मिळणारी ‘बँटम’ नावाची चिमुकली पुस्तके निघाली. पुढे १९४५ मध्ये न्यूयॉर्कात स्थापन झालेल्या बँटमशी त्यांची गल्लत करू नये.

सुरुवातीची चित्रे वास्तवदर्शी नव्हती. ‘डेल’ मालेसाठी जेराल्ड ग्रेग यांनी एअरब्रशने (रंगाचा बारीक फवारा मारून) केलेली मुखपृष्ठे पाहिली, तर कवटी, हात, बाटली, दोर अशा वस्तू गुळगुळीत छायेत तरंगताना दिसतात. याच मालेची मलपृष्ठे ‘मॅपबॅक’ म्हणून ओळखली जातात आणि ती आजही हातात घेताच मन रमवतात : गुन्हा जिथे घडला त्या वाड्याचा, बेटाचा किंवा शहराचा रंगीत नकाशा, दालनांना नावे, प्रेत सापडले त्या जागेची खूण. मुखपृष्ठावर चावीच्या छिद्रातून बघणारा डोळा हे मालेचे चिन्ह आणि आत पहिल्या पानांवर पात्रांची व कथेतल्या वस्तूंची यादी. यातले पुष्कळ नकाशे रूथ बेल्यू यांनी काढले. १९४३ च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत १९५०च्या दशकाच्या आरंभी मागे पडली. असे नकाशे असलेली पुस्तके पाचशेहून अधिक आहेत.

युद्धानंतर चित्रांचा नूर पालटला. ‘सिग्नेट’साठी जेम्स अवाटी यांनी मॉडेलची छायाचित्रे समोर ठेवून थकलेली, घामेजलेली, खरीखुरी माणसे रंगवली आणि इतर प्रकाशकांनी तो कित्ता गिरवला. १९५० मध्ये फॉसेटने ‘गोल्ड मेडल’ माला काढली. दुसऱ्या प्रकाशकाशी असलेल्या वितरण-करारामुळे फॉसेटला आधी निघालेल्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे काढता येत नव्हती, म्हणून थेट पेपरबॅकसाठीच कादंबऱ्या लिहवून घेण्याचा मार्ग निघाला. लेखकाला मानधन खपावर नव्हे, छापलेल्या प्रतींवर मिळे. ‘एस’ या प्रकाशनाच्या ‘एस डबल’ मालेत दोन कादंबऱ्या पाठीला पाठ लावून, एक उलटी, अशा बांधलेल्या असत, दोन्ही बाजूंना मुखपृष्ठ. अमेरिकी कादंबरीकार विल्यम बरोज यांचे पहिले पुस्तक ‘जंकी’ १९५३ मध्ये टोपणनावाने याच रूपात पस्तीस सेंटला विकले गेले. चित्रांच्या उघडेपणावरून १९५२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या गॅदिंग्ज समितीने चौकशी केली. त्यानंतर चित्रे किती सौम्य झाली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

चित्रकारांची नावे मात्र पुस्तकावर क्वचितच छापली जात. मूळ चित्र पुस्तकाच्या कितीतरी पट मोठे असे, छपाई उरकली की बहुधा प्रकाशकाकडेच राही, आणि अनेक चित्रे कचऱ्यात गेली. कोपऱ्यातली अर्धवट कापली गेलेली सही, कुंचल्याची लकब आणि हयात चित्रकारांच्या मुलाखती यांवरून संग्राहकांनी एकेक चित्र ज्याचे त्याच्या नावावर लावले. टेक्ससमधून १९७८ पासून निघालेले ‘पेपरबॅक क्वार्टर्ली’ आणि डच अभ्यासक पीट स्क्रूडर्स यांचे १९८१ चे पुस्तक हे या कामातले महत्त्वाचे टप्पे. बाराशेहून अधिक मुखपृष्ठे रंगवणारे रॉबर्ट मॅगिनिस (१९२६–२०२५) यांचे नाव आज आदराने घेतले जाते, त्यामागे ही चिकाटी आहे. कलेतिहासाने जे केले नाही ते हौशी माणसांनी केले, ही या छंदाची सर्वांत मोठी कमाई होय.

प्रतीची अवस्था हा संग्रहातला कळीचा प्रश्न. लगद्याच्या कागदातील लिग्निन (लाकडातला एक घटक) हवा-उजेडाने पिवळे पडते, आम्ल कागद कुरतडते आणि पान दुमडताच तुकडा हातात येतो. पॉकेट बुक्सच्या जुन्या प्रतींवरचा चकचकीत पापुद्रा कडेने सुटू लागतो. तो ओढला तर शाईही निघते. मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीही पुष्कळ आढळतात, कारण न खपलेल्या पुस्तकाचे फक्त मुखपृष्ठ फाडून परत पाठवले की विक्रेत्याला पैसे वळते होत. जतनासाठी पॉलिएस्टरची पिशवी वापरतात, पीव्हीसी प्लास्टिकची टाळतात.

मराठीत याला समांतर म्हणजे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा. त्या काळच्या मराठी मुखपृष्ठांवर दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या दोन्ही गोमंतकीय चित्रकारांची छाप होती. अमेरिकेच्या नेमके उलट, येथे चित्रकाराची सही ठळक असे आणि वाचक ती ओळखत. टिकली नाहीत ती पुस्तके : वाचनालयात ती हातोहात फिरून झिजली, पुन्हा बांधून घेताना मुखपृष्ठ बाजूला पडले आणि आत उरला तो नुसता मजकूर.