उभ्या गाडीतील उंदरांचा बंदोबस्त (नाशिक)

पोर्च, शेड, शटर लावलेली खोली किंवा सोसायटीचे पार्किंग अशा ठिकाणी बरेच दिवस न हललेल्या वाहनात उंदीर, घुशी व खारींनी बस्तान बसवू नये म्हणून करायची व्यवस्था. जागेच्या फटी बुजवणे हा तिचा कणा आहे. पिंजरे आणि विष त्यानंतर येतात. बाजारातले फवारे व भोंगे आले नाहीत तरी फारसे बिघडत नाही.

नाशिकमध्ये हा प्रश्न वर्षभर असला तरी पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आगेमागे तो वाढतो. शहर शेतीला खेटून वाढले आहे. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडचा पुढचा भाग अशा ठिकाणी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कुणाचा तरी मळा असतो. सोयाबीन व मक्याची काढणी झाली की शेतातले खाणे आणि आडोसा एकदमच संपतात आणि त्याच सुमारास थंडी सुरू होते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीला (नाशिकमध्ये पुराची खूण मानली जाणारी नदीपात्रातली मूर्ती) लागले की पंचवटी आणि जुन्या नाशिकच्या नदीकाठच्या घरांत उंदरांची वर्दळ वाढते. तिथल्या वाड्यांच्या बोळांत चारचाकी फारशा शिरत नाहीत. नुकसान होते ते दुचाकींचे. सीटचा फोम आणि स्कूटरच्या पुढच्या पॅनेलमागची वायरिंग ही तिथली नेहमीची तक्रार.

खरा बळी पडते ती न चालणारी गाडी. देवळाली कॅम्प आणि त्र्यंबक रोडवरच्या मुंबईकरांच्या बंगल्यांतली, फक्त सुट्टीला वापरली जाणारी; किंवा मुलांकडे परदेशी सहा महिने गेलेल्या आईवडिलांची, कव्हर घालून ठेवलेली. निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षहंगाम उरकल्यावर शेडमध्ये लावलेला पिकअप आणि फवारणीचा ब्लोअर यांचीही तीच गत होते. त्याच शेडमध्ये पेंडीची पोती आणि कागदी खोक्यांची थप्पी असेल तर उंदराला दुसरीकडे जायचे कारणच उरत नाही.

गाडीत शिरणारे प्राणी एकाच प्रकारचे नसतात आणि प्रत्येकाचा बंदोबस्त निराळा. घरातला लहान उंदीर (मस मस्क्युलस) साधारण ६ मिमी फटीतून आत जातो आणि थेट केबिनपर्यंत पोचतो. काळा उंदीर (रॅटस रॅटस) पट्टीचा चढणारा. झाडाची फांदी, केबल, पाइप यांवरून तो येतो आणि बॉनेटखाली राहतो. त्याला सुमारे १२ मिमी फट पुरते. घूस (बँडिकोटा) खणणारी आहे. ती शेडची जमीन आणि पेव्हर ब्लॉकखालची भर पोखरते, बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग टाकते आणि गाडीच्या खालच्या अंगाच्या वायरी व पाइप कुरतडते. आंबा-चिकूच्या झाडाखाली लावलेल्या गाडीत खार काथ्या, कापूस आणि चिंध्या आणून घरटे करते. चिचुंद्रीवर मात्र उगाच आळ येतो. ती कृंतक (उंदीर-खारींच्या जातीचा कुरतडणारा प्राणी) नाही, मुख्यतः किडे खाते. तिचा उपद्रव वासाचा.

कृंतकांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडताना ते झिजतात. म्हणून वायरीच्या आवरणात खाण्यासारखे काही नसले तरी ती वाचत नाही. गाडी त्यांना आवडते ती अंधारामुळे, आडोशामुळे आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाच्या उबेमुळे. टायरवरून सस्पेन्शनवर आणि तिथून इंजिनाच्या भागात जाणे त्यांना अवघड नसते. पुढची काच जिथे बॉनेटला मिळते तिथल्या जाळीतून एसीसाठी बाहेरची हवा आत जाते. तीच वाट एसीच्या ब्लोअरपर्यंत (पंख्यापर्यंत), म्हणजे डॅशबोर्डच्या मागे नेते. दुसरी आवडती जागा एअर फिल्टरची पेटी. ती उघडली की आत बॉनेटच्या इन्सुलेशनचा कुरतडलेला फोम, फिल्टरच्या कागदाचा भुगा, शेंगांची फोलपटे आणि एखादा वाळका पोळीचा तुकडा असा ऐवज निघतो. फिल्टरच्या घड्यांना गोल भोक पडलेले असते. वायरीवरच्या काळ्या नळीवर दोन-दोन समांतर चरे दिसतात आणि त्याखाली तांबे उघडे पडलेले असते.

मालकाला हे कळते ते उशिरा. एसी लावल्यावर लघवीचा उग्र वास येतो, काच धुण्याचे पाणी उडत नाही, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, किंवा सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते पण पकडत नाही. त्याआधीच्या खुणा जमिनीवर असतात. लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, मोठ्या उंदराच्या सेंटीमीटरभर किंवा त्याहून लांब. शंका असेल तर रात्री भिंतीकडेला टाल्कम पावडरचा पातळ थर पसरावा. सकाळी पावले कुठून आली आणि कुठे गेली ते कळते. पिंजरा कुठे लावायचा याचे उत्तर त्यातच मिळते.

जागेच्या डागडुजीत शटरची खालची फट पहिली. कोबा एकसारखा नसल्याने शटर एका टोकाला टेकते आणि दुसऱ्या टोकाला बोटभर वर राहते. नुसती रबरी पट्टी लावली तर ती आठवड्यात कुरतडली जाते; पट्टीला बाहेरून पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे अस्तर हवे, नाहीतर जमिनीला सिमेंटचा बुटका उंबरा घालून शटर त्यावर बसवावे. शटरच्या बाजूच्या पट्ट्या आणि वरची गुंडाळी हेही रस्तेच आहेत, आणि तिकडे सहसा कुणी पाहत नाही. खिडक्या, झरोके आणि सांडपाण्याच्या तोंडाला पाव इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवावी. मच्छरदाणीची नायलॉन जाळी यासाठी निरुपयोगी. भिंतीतून पाइप किंवा केबल जिथे आत येते तिथली भोके फोम मारून बुजवण्याची हल्ली पद्धत आहे. एकटा फोम उंदराला भिंत वाटतच नाही. आधी स्टेनलेस स्टीलची घासणी कोंबून वरून सिमेंट भरावे. साधी लोखंडी घासणी एका पावसाळ्यात गंजते. घुशीच्या बिळात फुटक्या काचा आणि सिमेंट भरण्याची जुनी गवंडी रीत आजही चालते, मात्र आधी बीळ वापरात आहे का ते पाहावे. संध्याकाळी तोंड मातीने बंद करायचे. सकाळी उकरलेले दिसले तर आत कुणीतरी आहे.

उघड्या पोर्चला आणि स्टिल्ट (इमारतीखालच्या, खांबांमधल्या) पार्किंगला ही तटबंदी शक्य नाही. तिथे आमिष हटवणे एवढेच हाती राहते. घंटागाडी सकाळी येणार म्हणून रात्रीच जिन्याखाली ठेवलेली कचऱ्याची पिशवी, कबुतरांना टाकलेले दाणे, भटक्या कुत्र्यांसाठीच्या पोळ्या यांवर पार्किंगमधले सगळे उंदीर पोसले जातात. याबाबत सोसायटीच्या सभेत बोलण्याचे धाडस मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याएवढेच असते. गाडीच्या आतही तेच: सीटखालचे वेफर्स, लहान मुलांची बिस्किटे, डॅशबोर्डवरचा प्रसादाचा नारळ, डिकीतले मळ्यातून आणलेले दाणे.

गाडी महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर आतून व्हॅक्यूम करून टिश्यूपेपर, गोधड्या, वर्तमानपत्रे काढावीत आणि एसी रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवण्यावर) करून मगच इंजिन बंद करावे. बऱ्याच गाड्यांत त्यामुळे बाहेरच्या हवेची झडप मिटलेली राहते. बंदिस्त खोलीत बॉनेट उघडे ठेवल्याने अंधार व आडोसा दोन्ही जातात. जमिनीपर्यंत लोंबणारे कव्हर उंदराला चढायला दोरखंड आणि लपायला तंबू देते, तेव्हा आतल्या खोलीत ते नसलेलेच बरे. शेजाऱ्याला किल्ली देऊन ‘आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करा काका’ असे सांगण्याची पद्धत आहे. तिने बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही आणि उंदरांना दर आठवड्याला ऊब मात्र मिळते. काकांनी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणली तर उपयोग. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी लावली असेल तर ती काढण्याची चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवावी.

वासाच्या उपायांवर लोकांचा फार विश्वास आहे. तंबाखूची पाने, कापूर, डांबरगोळ्या, पुदिन्याचे तेल, फिनेल यांपैकी काहीतरी बहुतेक बॉनेटांखाली सापडते. नवा वास दोन-चार दिवस टिकतो तोवर उंदीर बिचकतो, पुढे तो सरावतो. सुकी पाने किंवा कापडी पुरचुंडी गरम एक्झॉस्टजवळ असणे हा आगीचा धोका आहे आणि डांबरगोळ्यांची वाफ केबिनमध्ये भरली की त्रास माणसालाच होतो. तिखटाच्या कल्पनेत थोडे तथ्य आहे. मिरचीतील कॅप्सेसिन असलेली वायरवर गुंडाळायची टेप होंडा कंपनी विकते. पण ती गुंडाळलेल्या वायरीपुरतीच. अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या) भोंग्यांबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली साठाहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना दाव्यांमागे शास्त्रीय पुरावा हवा अशी ताकीद दिली होती.

पिंजरा भिंतीला लागून ठेवावा, कारण उंदीर मोकळ्यातून न जाता कडेने धावतो. सुके खोबरे, भजे, शेंगदाण्याचा कूट ही चालणारी आमिषे. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. दोन-तीन रात्री खटका न चढवता पिंजऱ्यात नुसते खाणे ठेवावे आणि मग खटका चढवावा. लहान उंदीर उलट चौकस, पहिल्याच रात्री येतो. पकडलेला उंदीर शेजारच्या प्लॉटवर सोडून येणाऱ्यांची नाशिकमध्ये कमतरता नाही. तो बहुधा त्यांच्याही आधी घरी पोचतो. चिकट पॅड क्रूर आहेत, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने त्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत, आणि त्यावर पाल व चिमणीही अडकते.

विषाचा विचार शेवटी करावा, आणि तोही गाडीबाहेर. दुकानात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर मरायला बहुधा तीन दिवस ते आठवडा लागतो. ‘पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो’ हे पॅकेटबरोबर फुकट मिळणारे आश्वासन खोटे आहे. तो जिथे राहतो तिथेच, म्हणजे डॅशबोर्डच्या मागे मरू शकतो आणि ब्लोअर खोलण्याचा खर्च वायरिंगच्या खर्चाला जाऊन मिळतो. असा उंदीर खाणारे मांजर किंवा गव्हाणी घुबडही दगावू शकते. या विषावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ते पोटात गेल्यावर फॉस्फिन वायू तयार होतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराखालच्या बिळात टाकणे तर वर झोपलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. शेडमध्ये धामण दिसली तर ती उंदरांच्याच मागावर आलेली असते. बिनविषारी आहे, तिला मारू नये, सर्पमित्राला बोलवावे.

घाण साफ करताना आधी दारे उघडून हवा खेळू द्यावी, हातमोजे व मास्क घालावा आणि लेंड्यांवर जंतुनाशक फवारून त्या ओल्या असतानाच पुसाव्यात. सुका झाडू किंवा हवेचा झोत मारल्यास धूळ नाकात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि जंतू त्वचेवरच्या जखमेतून शिरतात. केबिन फिल्टर धुऊन परत बसवू नये, बदलावा.

दुरुस्तीत दोन वाटा असतात. शोरूममध्ये पूर्ण हार्नेस (वायरींचा सगळा जुडगा) बदलायला सांगतात. बाहेरचा वायरमन तुटलेल्या वायरी जोडून देतो. दोन-चार साध्या वायरी असतील तर दुसरी वाट पुरते, पण जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून घ्यावी. नुसती पिळून टेप मारलेली वायर पावसाळ्यात पुन्हा त्रास देते. एअरबॅगच्या पिवळ्या आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी वायरींना मात्र बाहेर हात लावू देऊ नये. इंधनाच्या नळीवर दातांचे चरे दिसले तर गाडी चालवत नेऊ नये, टो करूनच न्यावी. थर्ड पार्टी विम्यात यातले काहीच भरून मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही उंदराच्या नुकसानीचे कलम कंपनीगणिक वेगळे असते, ते नूतनीकरणाच्या वेळी वाचून घ्यावे आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी कुरतडलेल्या वायरींचे फोटो काढून ठेवावेत.