मशीनही अँड्रॉइड, फोनही अँड्रॉइड: मग टॅप घेणारं सॉफ्टवेअर एकच का नाही?

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ माझ्या मामाचं साड्यांचं दुकान आहे. गेल्या लग्नसराईत गल्ल्यापाशी गर्दी, कार्डाचं एकुलतं एक मशीन चार्जिंगला लावलेलं, आणि मामाने मला हाक मारली. "अगं, तू महापेला कार्डाने पैसे घ्यायच्या सॉफ्टवेअरचंच काम करतेस ना? हे मशीन अँड्रॉइड, माझा फोन पण अँड्रॉइड. फोनवर कार्ड टेकवूनही पैसे घेता येतात म्हणतात. मग यातलं सॉफ्टवेअर काढ आणि माझ्या फोनमध्ये टाकून दे की!"

त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने फोनवर व्यवस्थित चालणारं ॲप दुकानातल्या मशीनवर चढवून पाहिलं. मशीनने ते घेतलंच नाही. उत्पादकाच्या चावीने सही करून पुन्हा चढवलं तेव्हा ॲप सुरू झालं, पण त्याला एनएफसी, म्हणजे टेकवलेलं कार्ड लहरींनी वाचणारी सोय, कुठे सापडेना. मशीन बिघडलं असं समजून त्याने दुपार घालवली. मशीन ठणठणीत होतं.

मामा आणि तो मुलगा, दोघांची गल्लत एकच. आमच्या धंद्यात एकाला स्मार्ट पीओएस म्हणतात आणि दुसऱ्याला सॉफ्टपॉस. पहिलं म्हणजे अँड्रॉइडवर चालणारं, पण खास कार्डासाठीच बनवलेलं यंत्र. दुसरं म्हणजे बाजारात मिळणारा कुठलाही एनएफसीवाला फोन आणि त्यावर चालणारं पैसे स्वीकारायचं ॲप. दोन्हीकडे स्क्रीनवर रक्कम दिसते, दोन्हीकडे कार्ड टेकवलं की 'टुंग' वाजतं. गोंधळ व्हायला एवढं पुरेसं आहे.

टॅपची क्रिया खरोखरच दोन्हीकडे सारखी आहे, म्हणून ती आधी सांगून टाकते. लहरी १३.५६ मेगाहर्ट्झच्या, अंतर साधारण चार सेंटिमीटरच्या आतलं. कार्डात बॅटरी नसते. समोरच्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच कार्डातली चिप जागी होते. मग यंत्र तिला 'टू पे' या अक्षरांनी सुरू होणारं एक चौदा अक्षरी नाव पाठवतं. त्याचा अर्थ, 'तुझ्याकडे पैसे देण्याची कोणकोणती ॲप्स आहेत?' (चिप खाचेत घातली तर हेच नाव 'वन पे' असं सुरू होतं.) कार्ड उत्तर देतं: रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड, जे असेल ते. तिथून त्या त्या नेटवर्कचा कर्नल काम हाती घेतो. कर्नल म्हणजे त्या नेटवर्कचे नियम पाळून कार्डाशी बोलणारा सॉफ्टवेअरचा गाभा. तो रक्कम, तारीख आणि दर वेळी नवा निघणारा एक आकडा कार्डाला देतो, कार्ड त्यावर आपली गुप्त सही करून परत देतं, आणि ती सही बँकेपर्यंत जाते. कार्ड आणि यंत्रामधलं हे सगळं बोलणं अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकावं अशी अपेक्षा असते. नेटवर्कागणिक कर्नल वेगळा असतो. कार्ड व्यवहारांची मानकं ठरवणाऱ्या ईएमव्हीको या संस्थेने २०२२ मध्ये सगळ्यांना वापरता येईल असा सामाईक कर्नल जाहीर केला, पण जुन्यांना सांभाळण्याचं काम काही संपलेलं नाही.

इथपर्यंत मामाचं बरोबर आहे. आता कार्डाचा नंबर आणि पिन हातात आल्यावर ते कुणाच्या भरवशावर ठेवायचे, या प्रश्नापाशी दोन वाटा फुटतात. माझ्या मते बाकीचे सगळे फरक या एका प्रश्नातून निघतात.

दुकानातल्या मशीनच्या पोटात दोन वेगळी जगं असतात. एकात अँड्रॉइड चालतं: स्क्रीन, बिल, प्रिंटर, वायफाय. दुसऱ्यात एक स्वतंत्र सुरक्षित प्रोसेसर असतो, आणि कार्ड वाचणारा भाग बहुतेक मशीनमध्ये त्यालाच जोडलेला असतो. म्हणून त्या मुलाच्या ॲपला एनएफसी सापडलं नाही. अँड्रॉइडला विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार, कारण अँड्रॉइडच्या हातात ते दिलेलंच नाही. ॲपने उत्पादकाच्या एसडीकेला (त्याने दिलेल्या तयार कोडच्या संचाला) सांगायचं, 'एवढ्या रुपयांचा व्यवहार कर.' कार्ड वाचणं, कर्नल चालवणं, पिन घेणं हे सगळं पलीकडे होतं आणि ॲपच्या हाती येतो तो कुलूपबंद गठ्ठा. नीट लिहिलेल्या ॲपला कार्डाचा पूर्ण नंबर आयुष्यात कधी दिसत नाही. ही फार मोठी सोय आहे. दिसलंच नाही तर ते चुकून लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, तरी कसं पडणार?

त्या सुरक्षित भागात चाव्या असतात, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारे गुप्त आकडे. त्या भरण्यासाठी वेगळी बंद खोली असते; मूळ चावीचे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि पूर्ण चावी एका माणसाला कळत नाही. मशीनमध्ये जी सुरुवातीची चावी जाते तिच्यापासून प्रत्येक व्यवहाराला नवी चावी निघते, वापरली की संपली. आज एखाद्याने एक चावी फोडली तरी कालचा व्यवहार उघडत नाही. मशीन उघडायचा प्रयत्न केला तर आतली जाळी आणि बटणं ते ओळखतात आणि चाव्या पुसून टाकतात. मशीन बंद असतानाही हा पहारा चालू राहतो, त्यासाठी आत नाण्याएवढी बॅटरी असते. जोरात आपटलेलं मशीन कधी कधी 'टॅम्पर' (छेडछाड झाली) असं दाखवून हटून बसतं ते याचमुळे, आणि मग ते दुकानात दुरुस्त होत नाही, परत पाठवावंच लागतं. दुकानदार वैतागतो. मला मात्र ते पाहून बरं वाटतं, कारण मशीनने आपलं काम केलेलं असतं.

फोनमध्ये कार्डासाठी असा खास बंदोबस्त नाही. तो बनवताना कुणी दुकानाचा विचार केलेला नाही. अँड्रॉइडने २०१३ मध्ये ४.४ या आवृत्तीत ॲपला कार्डवाचक होता येईल असा रीडर मोड दिला. (त्याच आवृत्तीत फोनला कार्डाचं सोंग घेण्याचीही सोय आली. गिऱ्हाईक फोन टेकवून पैसे देतं ती ही दुसरी गोष्ट. रीडर मोड सुरू असेपर्यंत दुकानदाराच्या फोनचं कार्डपण गप्प बसतं.) रीडर मोडमध्ये कार्डाकडून आलेला प्रत्येक बाइट थेट ॲपच्या हातात पडतो, कार्डाच्या नंबरासकट. नव्या डेव्हलपरला हे सोपं वाटतं: उत्पादकाची परवानगी नको, वेगळा एसडीके नको, चार ओळींत कार्ड बोलायला लागतं. पण मशीनच्या उत्पादकाने जी भिंत आयती बांधून दिली होती, ती आता प्रत्येक वीट स्वतः रचून उभारायची आहे.

ही भिंत फोनमध्ये एकट्याने उभी राहत नाही, तिचा अर्धा भाग सर्व्हरवर असतो. ॲप सुरू होताना आणि नंतरही अधूनमधून सर्व्हर फोनची तपासणी घेतो. फोन रूट केलेला, म्हणजे त्याची मूळ कुलपं काढून टाकलेला, आहे का? ॲपमध्ये कुणी बदल केलाय का? ॲपच्या आत डोकावणारा डीबगर जोडलाय का? चाव्या फोनच्या सुरक्षित भागातच तयार झाल्याचा हार्डवेअरचा दाखला आहे का? तपासणीत पास झालं तरच थोड्या काळापुरत्या चाव्या मिळतात. मामाच्या फोनवर मी चाचणीसाठी ॲप टाकलं तेव्हा ते पहिल्याच पायरीवर अडलं. त्याच्या मुलाने कसल्याशा गेमसाठी डेव्हलपर मोड आणि यूएसबी डीबगिंग चालू करून ठेवलं होतं. मामा म्हणाला, "माझाच फोन आणि मलाच नाही म्हणतोय?" हो मामा, म्हणायलाच हवं. त्यावर टेकणारं कार्ड तुझं नसतं.

मजा म्हणजे हीच तपासणी जशीच्या तशी दुकानातल्या मशीनवर नेली तर ती तिथे लंगडी पडते. बऱ्याच मशीनवर गुगलच्या सेवा नसतातच, त्यामुळे प्ले इंटिग्रिटीला (फोन आणि ॲप अस्सल आहेत का हे सांगणाऱ्या गुगलच्या तपासणीला) उत्तर देणारं कुणी नाही आणि गुगलमार्फत येणारे पुश संदेशही नाहीत. एकाच कोडमधून दोन्ही चालवायचं असेल तर बिल, परतावा, दिवसअखेरचा हिशेब एवढा भाग सामाईक ठेवावा आणि कार्डाला शिवणारा थर पूर्ण वेगळा. आम्ही सुरुवातीला हा थर एकच ठेवायचा हट्ट केला होता. जिथे तिथे 'मशीन असेल तर असं, फोन असेल तर तसं' लिहिता लिहिता कोड वाचवेना, आणि काही महिन्यांनी सगळं उपसून पुन्हा मांडावं लागलं.

आता पिन. मामाच्या दुकानात पैठणी पाच हजारांत येत नाही, त्यामुळे हा भाग त्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे कार्ड टेकवून पिनशिवाय पैसे देण्याची मर्यादा आधी २,००० रुपये होती. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० केली. त्यावर पिन लागतोच. मशीनवर पिनचा कीपॅड काचेवर दिसत असला तरी तो सुरक्षित प्रोसेसरच्या ताब्यात असतो. कुठल्या आकड्यावर बोट पडलं हे अँड्रॉइडला कळत नाही.

फोनवर तीच काच, तेच अँड्रॉइड, त्याच काचेवर शेजारी मुलाचा गेम. कार्डांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या पीसीआय या संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये फोनवर टॅप घेण्यासाठी सीपॉक हे मानक काढलं, तेव्हा त्यात पिनला जागाच नव्हती. म्हणजे मोठ्या रकमेची साडी तशा ॲपवर विकता आली नसती. नोव्हेंबर २०२२ मध्ये पीसीआयचं एमपॉक हे पुढचं मानक आलं आणि साध्या फोनवर टॅप आणि पिन दोन्ही घेण्याची वाट एका मानकात बसली. पण त्यासाठी पिनच्या पडद्यावर दुसरं ॲप डोकावणार नाही, स्क्रीनशॉट निघणार नाही, ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंगांसाठीच्या सोयींच्या) नावाखाली कुणी बोटं मोजणार नाही, याची काळजी ॲपने घ्यायची. अँड्रॉइड त्यासाठी साधनं देतं: पडदा सुरक्षित करणारी 'फ्लॅग' नावाची खूण, वरून झाकलेला स्पर्श नाकारणारी सोय. ती लावणं मात्र डेव्हलपरच्या हातात. मशीनवर यातलं फारसं काही करावं लागत नाही, म्हणून मशीनवरून फोनकडे आलेले अनुभवी लोकही इथेच घसरतात, असं मी पाहिलंय.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. मशीनचं हार्डवेअर, त्याच्या लहरी आणि कर्नल उत्पादकाने आधीच तपासून घेतलेले असतात. आपल्या वाट्याला येते ती शेवटची पायरी, म्हणजे मशीन, ॲप आणि बँकेचा सर्व्हर मिळून प्रत्येक नेटवर्कच्या चाचण्या. फोनच्या बाबतीत पूर्ण सॉफ्टवेअरचंच, देखरेख करणाऱ्या सर्व्हरसकट, मूल्यमापन होतं. वेळेचा अंदाज बांधताना हा फरक विसरलेली टीम पुढे हमखास तारखा हुकवते.

लहरींवरून अँटेनाची गोष्ट आली. मशीनवर कार्ड टेकवायची खूण छापलेली असते आणि त्या खुणेभोवतीच्या ठराविक जागेत कार्ड कुठेही धरलं तरी वाचलं जाईल, हे चाचणीत बघितलेलं असतं. फोनचा अँटेना मागच्या बाजूला, एखाद्या मॉडेलमध्ये वर कॅमेऱ्याजवळ, एखाद्यात मध्यभागी. क्षेत्रही मशीनच्या मानाने अशक्त. गिऱ्हाईक सवयीने स्क्रीनवर कार्ड टेकवतं आणि काहीच होत नाही. अँड्रॉइड १४ पासून ॲपला अँटेनाची जागा फोनलाच विचारता येते, तरी सगळे फोन नीट उत्तर देतीलच असं धरून चालू नये. 'इथे धरा' असं मोठं चित्र दाखवावंच. शिवाय व्यवहार चालू असताना कार्ड अजून जवळ आहे का हे अँड्रॉइड मध्ये मध्ये तपासत राहतं. हळू उत्तर देणारं कार्ड तेवढ्यानेही बिचकतं, म्हणून त्या तपासणीमधलं अंतर वाढवून ठेवावं लागतं. ही एक ओळ सापडेपर्यंत आम्ही एका विशिष्ट प्रकारच्या कार्डांवर पंधरा दिवस घालवले होते.

आणि दुकानाच्या बाजूचा एक फरक, जो तांत्रिक चर्चेत हमखास सुटतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या सोयी चालू-बंद करण्याचा अधिकार कार्डधारकाला दिला, त्यामुळे कितीतरी लोकांच्या कार्डावर लहरींची खूण असते पण टॅप बंद असतो. अशा वेळी मशीनमध्ये चिप खाचेत घालता येते. फोनला खाच नाही; गिऱ्हाईकाला तिथेच उभं राहून बँकेचं ॲप उघडावं लागतं किंवा यूपीआयवर जावं लागतं.

म्हणून मामाला मी सांगितलं, "तुझ्या गल्ल्यावर मशीनच हवं, आणि एक नाही, दोन." मोठ्या रकमा, वयस्कर गिऱ्हाईक, कागदी पावती मागणारे लोक, लग्नसराईची रांग, सगळं मशीनच्या बाजूने जातं. त्याने कुरकुर केली, भाड्याचं गणित मांडलं, पण दुसरं घेतलं.

फोनचं ॲप मात्र मामीकडे गेलं. ती दिवाळीत कोपरी-नौपाड्यात फराळाच्या ऑर्डरी घरपोच देते. हजार-बाराशेची बिलं, पिनची गरज नाही, पिशवीत आणखी एक यंत्र आणि त्याचा चार्जर बाळगायचा नाही. तिच्यासाठी आम्ही मुलाच्या गेमपासून दूर ठेवलेला वेगळा फोन काढला. पहिल्या दिवशी तीन बायकांनी स्क्रीनवर कार्ड घासून पाहिलं. ॲपमधल्या चित्राकडे कुणी बघितलंच नाही. संध्याकाळी मामीने मला विचारलं, "नक्की कुठे लागतं गं ते?" मी कार्ड फिरवून जागा शोधून दिली. तिने पाकिटातून एक लाल टिकली काढली आणि फोनच्या पाठीवर बरोबर तिथे चिकटवली.