ठाण्यातली केबल, १३० रुपये आणि मालिकांचं बदललेलं गणित

घोडबंदर रोडवर आजही मालिकांचे सेट उभे राहतात, आणि त्याच रस्त्यावरच्या सोसायट्यांत केबलचं कनेक्शन बंद करणारी घरं वाढत चालली आहेत. कारण विचारलं की मोबाइल आणि स्वस्त डेटा हे उत्तर तयार असतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माणसं टीव्हीपासून दूर जायला ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेच्या, २०१९ मध्ये लागू झालेल्या एका दरनिर्णयाने मोठा हातभार लावला, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, गच्चीगच्चीवर अँटेना लागले, मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि बहुतेकदा तेरा भागांत संपायची. हा इतिहास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ठाणे-नवी मुंबईचा स्वतःचा टीव्ही-इतिहास खरा सुरू होतो तो १९९१ नंतर, केबलवाल्यापासून. नौपाडा असो, वर्तकनगर असो की वाशी-नेरूळच्या सिडकोच्या इमारती, केबलवाला त्याच वस्तीतला असायचा. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायर टाकायची, मध्ये नारळाचं झाड आलं तर त्यालाच वेढा द्यायचा, जिन्यात बूस्टर ठोकायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहायचं. सगळ्या वाहिन्या एकाच रकमेत. गणपतीत मंडळाच्या आरतीचं चित्रण दाखवणारी लोकल वाहिनीही त्यातच. किती घरं जोडलेली आहेत याचा हिशेब त्याच्याच वहीत असे, आणि वाहिन्यांना कळवला जाणारा आकडा बराच कमी असे. पुढच्या सगळ्या सरकारी हस्तक्षेपाचं मूळ या लपवलेल्या आकड्यात आहे.

सेट टॉप बॉक्सची सक्ती हा त्यावरचा उपाय होता. महामुंबई एक म्हणतो आपण, पण इथे ती दोन तुकड्यांत मोडली. मुंबई पहिल्या टप्प्यात होती, तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली. ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्याच्या ३८ शहरांत, मुदत ३१ मार्च २०१३. म्हणजे चेकनाक्याच्या मुलुंडकडच्या बाजूला बॉक्सशिवाय टीव्ही बंद आणि ठाण्याच्या बाजूला जुनी वायर चालू, असे पाच महिने गेले. बॉक्स आला, चित्र स्वच्छ झालं, घरांची मोजणी होऊ लागली. पॅकेज मात्र अजून केबलवालाच ठरवत होता.

१ फेब्रुवारी २०१९ पासून तेही बदललं. ट्रायच्या नव्या नियमात दोन हिशेब वेगळे केले होते. पहिला नेटवर्कचा आकार, म्हणजे महिन्याचं मूळ शुल्क: शंभर साध्या (एचडी नसलेल्या) वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. दुसरा, प्रत्येक सशुल्क वाहिनीची तिने स्वतः जाहीर केलेली किंमत. गोंधळ इथेच झाला. १३० रुपयांत शंभर वाहिन्या, एवढंच लोकांच्या कानावर पडलं. प्रत्यक्षात ते पैसे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचे होते. त्या शंभरांतल्या पंचवीसेक दूरदर्शनच्या, सक्तीच्या. घरात रोज लागणारी मराठी वाहिनी हवी तर तिचे पैसे वर. एका आघाडीच्या मराठी वाहिनीने तर किंमत थेट १९ रुपये लावली, कारण पुड्यात, म्हणजे अनेक वाहिन्यांच्या एकत्र विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात, घालता येईल अशा वाहिनीच्या किमतीची कमाल मर्यादाच तेवढी होती. एचडी वाहिनी घेतली की ती दोन वाहिन्यांची जागा खायची. आतल्या खोलीत दुसरा टीव्ही असला की त्याच्या बॉक्सवर पुन्हा पूर्ण आकार लावायची मुभा होती. त्यावर ४० टक्क्यांची मर्यादा आली ती २०२० च्या दुरुस्तीत.

त्या दिवसांत केबलवाल्यांनी वाटलेले कागद आठवून पाहा. बारीक अक्षरांत शेकडो नावं, प्रत्येकापुढे किंमत, आणि खूण करायला चौकोन. सत्तरीतल्या आजीबाईंनी त्यातून आपली भजनाची आणि मालिकांची वाहिनी शोधायची होती. निवडीचा हक्क म्हणून ज्याची जाहिरात झाली, तो बहुतेक घरांत एका कंपनीचा तयार पुडा घेण्यावर येऊन थांबला. सुट्या वाहिन्या मुद्दाम महाग आणि पुडे स्वस्त ठेवले गेले होते, तेव्हा दुसरं काय होणार? हेतू चांगला होता, हे मान्य. पण नियम लिहिणाऱ्यांनी मध्यमवर्गी मराठी घरातला महिन्याचा हिशेब समोर ठेवला नव्हता, असंच म्हणावं लागतं.

केबलवाल्याचं काय झालं? १९ रुपयांच्या वाहिनीतले ८० टक्के वाहिनीकडे. वितरणाच्या २० टक्क्यांतले, वेगळा करार नसेल तर, ४५ टक्के त्याचे. म्हणजे जेमतेम १ रुपया ७१ पैसे. १३० रुपयांतही वाटा तोच, ४५ टक्के. बॉक्स बिघडला तर पावसात गच्चीवर तोच चढणार, आणि बिल का वाढलं याचं उत्तरही दारात उभं राहून त्यालाच द्यावं लागणार.

पुढची वर्षं कोर्टकचेरीत गेली. २०२० मध्ये पुड्यातल्या वाहिनीची मर्यादा १२ रुपयांवर आणायचं ठरलं. प्रसारक, म्हणजे वाहिन्यांच्या कंपन्या, न्यायालयात गेले, अंमलबजावणी लांबत राहिली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मर्यादा पुन्हा १९ वर गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या करारांवर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांच्या घरांत मोठ्या वाहिन्या काही दिवस दिसल्याच नाहीत. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आयपीएल ॲपवर फुकट सुरू झालं. केबलच्या वर्गणीवरचा विश्वास उडायला याहून वेगळं काही लागत नव्हतं. डीटीएचचे चालू ग्राहक एकेकाळी सात कोटींच्या घरात होते, २०२५ मध्ये ते सहा कोटींच्या खाली आले.

मालिकांची मांडणीही याच काळात बदलली. १९९९-२००० मध्ये खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि रोजची मालिका घरात स्थिरावली. तिचा प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता ऐकणारा होता, म्हणून संवाद दोनदा यायचे, प्रसंग लांबायचे. एका मराठी मालिकेने तर तीन हजारांवर भाग केले. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात बावीसेक मिनिटं उरतात, त्यात प्रत्येक ब्रेकआधी एक धक्का हवा, हे गणित लेखकांनी घोटून बसवलं होतं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं आणि रोजची सवय तुटली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत अनेक मालिकांची युनिटं गोव्याला गेली, तिथेही मे महिन्यात परवानग्या रद्द झाल्या. प्रेक्षक परतला तेव्हा त्याच्या हातात ॲप होतं, काही मालिकांचा भाग तर टीव्हीच्या आधी तिथेच दिसत होता. आता लेखकाला साडेसातला सोफ्यावर बसणारं घर आणि लोकलमध्ये कळवा ते दादर उभ्याने दोन मिनिटांचा तुकडा पाहणारी मुलगी, दोघांसाठी एकच प्रसंग लिहायचा असतो. मालिका सहा-आठ महिन्यांत गुंडाळली जाते, याचं खापर मी तरी लेखकांवर फोडणार नाही.

जुलै २०२४ मध्ये १३० रुपयांची कमाल मर्यादाही उठली, आकार ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तोवर बऱ्याच केबलवाल्यांनी त्याच गच्च्यांवरून फायबर फिरवलं होतं. ते आता इंटरनेट विकतात, वर ॲपचा पुडा देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन मोठे प्रसारक एक झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांची ॲपही एक झाली, म्हणजे मालिका आणि क्रिकेट एकाच दुकानात आलं. केबलच्या बिलातली प्रत्येक ओळ ज्यांनी नियमांत बांधली, त्यांचा कुठलाही दरनियम या ॲपच्या वर्गणीला लागू होत नाही.