साठ की आठ? ऑनलाइन बैठकीच्या खोलीमागचा इतिहास

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक गृहनिर्माण संस्था, वाचनालये आणि लहान कार्यालये आपली एखादी खोली ऑनलाइन बैठकांसाठी कायमची सज्ज करून घेत आहेत. निम्मे सभासद समोर खुर्च्यांवर बसलेले, उरलेले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात मुलांकडे गेलेले, आणि तरीही सभा एकच, ही रीत आता रुळली आहे. अशा खोल्या उभारण्याचे काम मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अंदाजपत्रकाचा क्रम सारखाच असतो: आधी मोठा टीव्ही, मग कॅमेरा, मग इंटरनेटचा प्लॅन, आणि पैसे उरले तर माइक. चित्र अडकले तरी सभा पुढे चालते. आवाज तुटला की ठराव तिथेच थांबतो. मग आवाज यादीत शेवटी का जातो? ही चूक आजच्या सभासदांची नाही. या तंत्राची वाटचालच तशी झाली आहे, आणि ती समजून घेतली तर खोली उभारताना पैसा कुठे लावावा हे ठरवणे सोपे जाते.

अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ लोकांपुढे मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो येथे सार्वजनिक बूथ उघडले गेले, पण तीन मिनिटांच्या संभाषणाला अंतरानुसार १६ ते २७ डॉलर पडत. १९७० साली पिट्सबर्गमध्ये महिना १६० डॉलर दराने व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि काही वर्षांतच ती गुंडाळावी लागली. या यंत्राला तारांच्या तीन जोड्या लागत. त्यांपैकी दोन चित्रासाठी, एक जाण्याची व एक येण्याची, आणि तिसरी, नेहमीच्या टेलिफोनसारखी, आवाजासाठी. म्हणजे सारी नवी बुद्धी आणि सारा नवा खर्च चित्रावर झाला; आवाज होता तसाच राहू दिला गेला.

तो ‘होता तसा’ आवाज कसा होता, हे नीट पाहायला हवे. टेलिफोनची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने) एवढाच पट्टा वाहून नेत असे. माणूस ओळखू येण्यास आणि बोलणे समजण्यास तेवढे पुरते, म्हणून ती मर्यादा पक्की झाली. १९७२ साली आवाज आकड्यांत बदलण्याचे जी.७११ हे मानक आले, तेव्हाही सेकंदाला ८००० नमुने आणि ६४ किलोबिट हे गणित याच पट्ट्यावर बेतलेले होते. आपल्या भाषेतील ‘स’सारख्या, हवा घासून उमटणाऱ्या घर्षक वर्णांची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि नेमकी तीच या पट्ट्यात कापली जाते. खजिनदार ‘साठ हजार’ म्हणतात आणि दुसऱ्या टोकाला ‘आठ हजार’ ऐकू येते, याचे एक कारण इतके जुने आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस चित्राची अडचण बऱ्याच अंशी सुटली. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडलेली ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही पद्धत चित्र दाबण्यासाठी, म्हणजे ते कमी आकड्यांत बसवण्यासाठी, फार उपयोगी ठरली, आणि १९८८च्या एच.२६१ या मानकात ती वापरली गेली. तिचे मोल साध्या गुणाकाराने कळते: १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे, सेकंदाला ३० चौकटींचे चित्र, ठिपक्यामागे १२ बिट धरून, न दाबता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ३३० मेगाबिट लागतील. आज तेच चित्र बैठकीच्या ॲपमधून दीड मेगाबिटच्या आसपास जाते.

व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोल्या मात्र त्या काळी आयएसडीएन या आकडी टेलिफोन जोडणीवर चालत. एका साध्या जोडणीत ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या, म्हणजे एकूण १२८ किलोबिट मिळत. आवाजाला ६४ दिले तर चित्राला निम्मेच उरते, म्हणून आवाज १६ किलोबिटमध्ये बसवणारे जी.७२८ हे तंत्र वापरात आले. ७००० हर्ट्झपर्यंतचा स्वच्छ आवाज देणारे जी.७२२ हे मानक १९८८ सालीच तयार होते, पण त्याला ६४ किलोबिट लागत, आणि तेवढी जागा द्यायला चित्र तयार नव्हते. सरकारी कार्यालयांत आजही ‘उद्या व्हीसी आहे’ असे म्हटले जाते. त्या ‘व्हीसी’ची सवय ज्या पिढीला लागली, तिने दुरून आलेला, नाकात बोलल्यासारखा आवाज हाच रिवाज म्हणून स्वीकारला.

अंतराने आणखी एक अडचण आणली, ती प्रतिध्वनीची. दूरदेशीची संभाषणे वाहून नेणारा भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत जवळजवळ पाव सेकंद जातो, आणि दुसऱ्या टोकाहून तो परतला तर बोलणाऱ्याला आपलेच शब्द अर्ध्या सेकंदाने ऐकू येतात. अशा स्थितीत सलग बोलता येत नाही. १९६०च्या दशकात एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत या अडचणीवर उपाय शोधला गेला, आणि मूळचे भारतीय असलेले मनमोहन सोंधी यांचा १९६७चा ‘ॲडॅप्टिव्ह इको कॅन्सलर’वरील, म्हणजे प्रतिध्वनी पुसणाऱ्या यंत्रावरील, निबंध त्या कामाचा एक पाया मानला जातो. समोरून आलेला आवाज यंत्राला आधीच ठाऊक असतो. तो आपल्या बाजूने किती विलंबाने आणि कोणत्या रूपात परततो याचा अंदाज यंत्र सतत घेत राहते, आणि तेवढा भाग वजा करून उरलेलेच पुढे पाठवते. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, तेव्हा परदेशी संभाषणासाठी आपणही याच पाव सेकंदाच्या दुनियेत शिरलो.

आजच्या प्रत्येक बैठकीच्या ॲपमध्ये हीच वजाबाकी चालू असते, आणि तिची एक अट आजही तीच आहे: यंत्राला आपल्या स्पीकरमधून काय वाजते आहे हे माहीत असले पाहिजे. एकाच खोलीत दोन सभासदांनी आपापल्या मोबाइलवर सभा उघडली आणि दोन्ही माइक चालू राहिले, तर पहिल्या मोबाइलला दुसऱ्याच्या स्पीकरचा काहीच हिशेब नसतो. मग शिट्टी सुरू होते आणि सगळे एकदम ‘म्यूट करा, म्यूट करा’ म्हणू लागतात. लॅपटॉपचा माइक ठेवून आवाज निराळ्या ब्लूटूथ स्पीकरवर घेतला, तरी विलंब बदलत राहतो आणि अंदाज चुकतो. म्हणूनच माइक आणि स्पीकर एकाच डब्यात असलेले, यूएसबीने जोडायचे एकच उपकरण घ्यावे, असा माझा आग्रह असतो. १९९२ साली पॉलिकॉम या कंपनीने बाजारात आणलेला, टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा तीन पायांचा ‘साउंडस्टेशन’ हा बैठकीचा फोन याच विचाराचा होता, आणि तो कॉर्पोरेट कार्यालयांत इतकी वर्षे टिकला तो उगीच नाही.

खोलीचा स्वतःचा आवाज हा याहून जुना विषय आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजेना, तेव्हा वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमत राहत असे. सेबाइन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या करून मांडल्या आणि दर वेळी घुमण्याचा काळ मोजला. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरले जाते: खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारे एकूण क्षेत्र.

हे सूत्र आपल्याकडच्या एखाद्या सोसायटी कार्यालयाला लावून पाहू. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली घेतली तर घनफळ ७२ घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून १०८ चौरस मीटर होतात. व्हिट्रिफाइड लाद्या, गुळगुळीत प्लास्टर आणि काचेचे सरकते दार यांवर पडणाऱ्या आवाजापैकी जेमतेम पाच टक्के शोषला जातो असे धरले, तर घुमण्याचा काळ दोन सेकंदांहून अधिक येतो. त्यातील २० चौरस मीटरवर चुण्या घातलेले जाड पडदे लावले, तर तोच काळ ०.८ सेकंदांपर्यंत उतरतो. माणसे बसली की तो आणखी थोडा कमी होतो.

मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याजवळच्या एका सोसायटीत मी गेलो, तेव्हा भिंतीवर ६५ इंची टीव्ही आधीच लागलेला होता. त्यावर चढवलेल्या कॅमेऱ्यातलाच माइक सभेसाठी वापरायचा असे ठरले होते. मी खोलीच्या मध्यभागी उभा राहून एक टाळी वाजवली. ती थांबल्यावरही काचेकडून बारीक झणझण ऐकू येत राहिली, आणि खिडकीबाहेरच्या पत्र्यावर पावसाचा मारा चालूच होता. शेवटच्या खुर्चीवरील आजोबा माइकपासून साडेपाच मीटरवर बसत. अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. घुमणारा आवाज मात्र खोलीभर तसाच राहतो. त्यामुळे आजोबांचे बोलणे माइकपर्यंत पोहोचेतोवर ते त्यांचे राहतच नव्हते, खोलीचे झाले होते. आम्ही काचेवर आणि मागच्या भिंतीवर पडदे लावले, एक माइक टेबलावर आणि दुसरा शेवटच्या रांगेजवळ ठेवला आणि पंख्याचा वेग कमी केला. टीव्हीला हातही लावला नाही.

जोडणीचा इतिहास आपल्या भागात सर्वांना आठवण्याइतका ताजा आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सुरू केले ते डायल-अपवर. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले. ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटवर नेली गेली. ठाणे आणि नवी मुंबई ०२२ या क्रमांकासह एमटीएनएलच्या मुंबई विभागात असल्याने, अनेक घरांत पहिले ब्रॉडबँड आले ते टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेवरून, एडीएसएल तंत्राने. त्यातील पहिले ‘ए’ हे अक्षर ‘असममित’, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे नसलेले, या अर्थाचे आहे. तारेवर ४ किलोहर्ट्झच्या खाली आवाज, साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये अपलोड आणि त्यापुढे ११०४ किलोहर्ट्झपर्यंत डाउनलोड अशी वाटणी होती. घरातला माणूस पाहील जास्त आणि पाठवील कमी, हे त्यामागचे गृहीतक. बैठकीत मात्र प्रत्येक जण जेवढे घेतो जवळजवळ तेवढेच देतो. पुढे गच्चीवरून गच्चीवर केबल टाकणाऱ्या केबलवाल्यांनी वेग वाढवला, मग फायबर आले, तरी जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचाच राहिला. घरोघरच्या फायबरचे जीपॉन हे प्रचलित तंत्रसुद्धा खाली सुमारे २.५ गिगाबिट आणि वर सुमारे १.२५ गिगाबिट असेच आखलेले आहे, आणि ती क्षमता अनेक घरांत वाटली जाते.

एका खोलीच्या एका चित्राला अपलोड दीड-दोन मेगाबिट पुरतो. त्यामुळे आजच्या फायबरवर सभा अडते ती वेगाच्या कमतरतेने क्वचितच. सोसायटी कार्यालयात त्याच जोडणीवर सीसीटीव्हीचे चित्रण क्लाउडवर चढत असते. अपलोडची वाट भरून जाते, आवाजाची लहान लहान पाकिटे रांगेत मागे उभी राहतात आणि शब्द तुटू लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, तरच संभाषण सहज वाटते. रात्री अकराला केलेल्या स्पीड टेस्टमध्ये ही रांग दिसत नाही. सभेच्या यंत्राला राउटरपासून थेट लॅन केबल द्यावी आणि सभेच्या वेळेपुरते सीसीटीव्हीचे अपलोड थांबवावे, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात.

२०११ साली गुगलने वेबआरटीसी हे ब्राउझरमधूनच बैठक चालवणारे तंत्र खुले केले, आणि २०१२ साली ओपस हे आवाजाचे मानक आले. ओपस ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही काम करते आणि २०,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा हाताळते. ‘साठ’मधला ‘स’ जाण्याइतकी रुंद वाट बैठकींना सर्रास मिळाली ती एवढ्या उशिरा. त्यामुळे मार्च २०२०च्या टाळेबंदीत सारे जग एकदम ऑनलाइन आले, तेव्हा तंत्र तयार होते. आपल्या खोल्या तयार नव्हत्या.

त्या वर्षीची आणखी एक तारीख या भागातले लोक विसरलेले नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा ४०० केव्ही वीजवाहिन्यांशी निगडित बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. घरोघरी चालू असलेल्या बैठका आणि ऑनलाइन तास मध्येच थांबले. लॅपटॉपमध्ये बॅटरी होती, मोबाइलमध्येही होती. बंद पडले ते राउटर आणि फायबरचा डबा, कारण त्यांना बॅकअप द्यावा हे फारसे कोणाला सुचले नव्हते. ही दोन्ही उपकरणे मिळून साधारण २० ते २५ वॅट घेतात, आणि वीज गेल्यावर इंटरनेट पुरवठादाराचे इमारतीतले यंत्र चालू असेल तर एक लहान डीसी यूपीएस त्यांना काही वेळ सांभाळतो. आजही नव्या खोलीचा इन्व्हर्टर जोडताना पहिली वायर टीव्हीकडे ओढली जाते. ती मी राउटरकडे, फायबरच्या डब्याकडे आणि माइकच्या लॅपटॉपकडे वळवून घेतो, आणि टीव्हीचा प्लग वेगळ्या बोर्डावर ठेवतो.