विमानावरचा विश्वास परत कसा येतो?

निफाड तालुक्याने सहा वर्षांत दोन सुखोई पडताना पाहिली. 27 जून 2018 ला वावी-ठुशी शिवारात आणि 4 जून 2024 ला शिरसगावला. दोन्ही वेळा वैमानिक सुखरूप बाहेर पडले. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून चाचणीला निघालेली विमानं तरीही त्याच शिवारांवरून उडतात आणि खाली द्राक्षबागेत डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवण्याचं काम, चालू असतं. लढाऊ विमानात आपल्याला बसायचं नसतं, म्हणून हे खपून जातं. प्रवासी विमानाची गोष्ट वेगळी. तिथे पोराबाळांना घेऊन आपणच बसतो. त्यामुळे एखादं मॉडेल एकदा बदनाम झालं की ते पुन्हा प्रवाशांच्या मनात कसं उतरतं, हा प्रश्न आपलाही आहे.

कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. 10 जानेवारी 1954 ला त्यातलं एक इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं आणि 35 जण गेले. उड्डाणं थांबली. आग लागली असेल, इंजिन फुटलं असेल, असे अंदाज बांधून विमानात डझनावारी सुधारणा केल्या गेल्या आणि 23 मार्चला सेवा सुरूही झाली. नेमकं कारण तोवर कुणालाच कळलेलं नव्हतं. 8 एप्रिलला दुसरं कॉमेट समुद्रात कोसळलं, आणखी 21 जण गेले.

मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला कॉमेटचा अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत बसवला गेला. आत पाणी भरून दाब वाढवायचा, सोडायचा, पुन्हा वाढवायचा. उंचीवर गेल्यावर केबिन फुगते आणि उतरताना पूर्ववत होते, त्याची ही नक्कल. आधीची खरी उड्डाणं धरून साधारण तीन हजार फेऱ्यांना पत्रा फाटला, खिडकी-दारासाठी कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापासून. धातू थकतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. सुधारलेलं कॉमेट ऑक्टोबर 1958 मध्ये प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडून गेलं, पण त्याच महिन्यात बोइंग 707 ही त्या मार्गावर आलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं.

बोइंग 737 मॅक्सच्या बाबतीत कारण सापडायला टाकी लागली नाही. 29 ऑक्टोबर 2018 ला इंडोनेशियात 189 आणि 10 मार्च 2019 ला इथिओपियात 157, असे 346 जण गेले. मॅक्सची इंजिनं जुन्या 737 पेक्षा मोठी असल्याने ती पंखाच्या पुढे आणि जरा वर बसवली होती. त्यामुळे ठरावीक स्थितीत नाक जास्तच वर उचललं जाण्याची शक्यता होती. ते आवरायला एमकॅस नावाची संगणकीय व्यवस्था होती. ती शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली आणायची.

विमान वाऱ्याला किती कोनात सामोरं जातंय हे नाकाच्या दोन्ही बाजूंना बसवलेली छोटी पाती सांगतात. बागेतल्या हवामान केंद्रावरचा वातकुक्कुट वाऱ्याबरोबर फिरतो तशीच ही पाती. गंमत म्हणावी की गुन्हा, एमकॅस यांपैकी एकाच पात्यावर विसंबून होतं. इंडोनेशियातल्या विमानावरचं डावं पातं तर 21 अंशांनी चुकीचं दाखवत होतं. वैमानिकांनी नाक वर घेतलं की काही सेकंदांनी यंत्रणा ते पुन्हा खाली दाबायची. आदल्या रात्रीच्या फेरीत हेच घडलं होतं; तेव्हा शेपटीचा पंख फिरवणारी मोटर बंद करून विमान जकार्ताला उतरवलं गेलं. एमकॅसचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हता. मला यातलं सर्वांत गंभीर हेच वाटतं.

जगभर मॅक्सची उड्डाणं थांबवली गेली आणि एमकॅस सुधारलं गेलं. आता दोन्ही पात्यांची तुलना होते आणि फरक 5.5 अंशांहून जास्त असला तर एमकॅस गप्प बसतं. एका प्रसंगात ते एकदाच चालतं आणि वैमानिकाला हाताने त्याच्यावर मात करता येते. आधी टॅब्लेटवरच्या छोट्या अभ्यासक्रमावर भागत होतं, तिथे सिम्युलेटरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचे, म्हणजे एफएएचे, तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह डिक्सन यांनी सप्टेंबर 2020 मध्ये स्वतः मॅक्स उडवून पाहिलं. नोव्हेंबरमध्ये एफएएने परवानगी दिली. युरोपने त्यांचा शिक्का ग्राह्य न धरता स्वतंत्र तपासणी केली आणि जानेवारी 2021 मध्ये होकार दिला. भारताचा ऑगस्ट 2021 मध्ये आला. माझ्या मते सर्वांत जास्त काम या वेगवेगळ्या तपासण्यांनी केलं. रायनएअर या युरोपातल्या विमान कंपनीने विमानावर 'मॅक्स'ऐवजी 737-8200 रंगवलं, तसल्या बारशांनी काही साधत नाही.

पण आराखडा दुरुस्त झाला म्हणजे कारखाना दुरुस्त झाला असं नाही. 5 जानेवारी 2024 ला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचा, दाराच्या जागी बसवलेला पॅनेल हवेतच उडाला. जीव कुणाचा गेला नाही. तपासात कळलं की तो धरून ठेवणारे चारही बोल्ट बसवलेलेच नव्हते. कारखान्यात पॅनेल काढला गेला होता, त्याची नोंदच सापडली नाही. एचएएलच्या ओझर टाउनशिपमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचणं कठीण. तिथे कुठला भाग कुणी काढला, कुणी बसवला, कुणी तपासला, हे सहीनिशी लिहिण्याची शिस्त शाळकरी पोरांनीही घरी ऐकलेली असते.

तयार झालेलं प्रत्येक मॅक्स उडायला योग्य आहे, असं प्रमाणपत्र पूर्वी एफएएच्या वतीने बोइंगचेच लोक द्यायचे. तो अधिकार 2019 मध्ये काढून घेतला गेला. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस त्यातला थोडा परत मिळाला आहे: एक आठवडा प्रमाणपत्रं बोइंग देणार, पुढचा आठवडा एफएए.